आधी संकल्प, मग कीर्तन

नवरात्र बसले की अंबादेवी-एकवीरेच्या अमरावतीत आणि राजराजेश्वराच्या अकोल्यात घरोघरी घटस्थापना होते. पुरोहित देश, काल, गोत्र, नाम व हेतू उच्चारतात. यजमान ‘करिष्ये’ म्हणून ताम्हनात पाणी सोडतात आणि पुढील घाईला लागतात. वस्तुतः मी कोण, कोठे, केव्हा व कशासाठी हे कर्म आरंभितो, याचा निश्चय म्हणजे संकल्प; पळीभर पाणी ही त्याची केवळ मुद्रा होय.

पूर्वाचार्यांनी ग्रंथरचनेलाही हाच दंडक घातला. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध आधी ठरवावे, मग लेखणी उचलावी. अधिकारी म्हणजे ज्याच्यासाठी रचना करावयाची तो. चौघांत हाच अवघड! कीर्तनकाराला विषय पोथीत सापडतो. समोरचा श्रोता पोथीत सापडत नाही.

माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे जाणत होते. एकाच मुखातून विद्वज्जनांसाठी संस्कृत सूत्रे आणि भाविकांसाठी मराठी पदे प्रकटली.

परंतु या तत्त्वाचे खरे भाष्य मला दिसते ते गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) खराट्यात. शेंडगावी जन्मलेले, मूर्तिजापूरकडील दापुऱ्यास मामाघरी वाढलेले बाबा कीर्तनाच्या गावी आधी रस्ते झाडीत. लोक याला केवळ सेवा म्हणतात. मला ती कीर्तनाची पूर्वतयारीही वाटते. ज्याने दिवसभर आळ्या झाडल्या, त्याला कोणत्या घरात काय सलते हे वेगळे विचारावे लागत नसणार. रात्री ते श्रोत्यांनाच प्रश्न करीत: कर्ज काढून सण का करता? देवापुढे बकरे का मारता? पोराला शाळेत का घालत नाही? उत्तरे येत, त्यांतूनच कीर्तन वाढे. पूर्वरंग-उत्तररंगाची आमची नारदीय मांडणी तेथे नव्हती, आणि तिची उणीवही भासत नसे. शब्द रोज नवे, प्रयोजन मात्र अढळ.

आज दुसऱ्याचे आख्यान, त्यातील विनोदांसह, पाठ करून तरुण कीर्तनकार उभे राहतात. गळा गोड असतो, पाठांतरही चोख. पण तेच कीर्तन आज दर्यापुरी, उद्या अकोटी. हुंड्यावरून जेथे नुकतेच लग्न मोडले, त्या गावी सीतास्वयंवर निराळेच सांगावे लागते, हे त्यांना कोण सांगणार? माझी विनंती यजमानांनाही आहे. बुवांना मोटारीतून थेट मंडपात उतरवू नये. दुपारीच बोलवावे, आणि चहा झाल्यावर गावातून एकदा पायी फिरवून आणावे.