खलिता, मजकूर आणि फर्द

‘एमपी४’ ही ‘एमपी३’च्या पुढची सुधारलेली आवृत्ती होय, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे, ती आकड्यांचा क्रम पाहता स्वाभाविक असली तरी निराधार आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘एमपेग’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या पहिल्याच प्रमाणकातील ध्वनिविषयक तिसरा स्तर तो एमपी३, आणि चौथ्या प्रमाणकाचा चौदावा भाग तो एमपी४. एकातला आकडा स्तराचा, दुसऱ्यातला प्रमाणकाचा.

याहून अधिक नुकसानकारक भ्रम असा की, एमपी४ ही चित्रण संक्षिप्त करण्याची पद्धती आहे. वस्तुतः तो केवळ खलिता आहे. दरबारी पत्रव्यवहारात खलिता एकाच घाटाचा असला, तरी आतील पत्र मोडीत आहे की फारशीत, हे बाहेरून कळत नसे, आणि ती लिपी जाणणारा कारकून पदरी नसला तर पत्र हाती येऊनही व्यर्थ होई. तीच गत इथे. आतील चित्रण २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या संकेतपद्धतीत असेल किंवा २०१३च्या एच.२६५मध्ये, ती उलगडणारा कोडेक यंत्रात नसेल, तर फाइल एमपी४ असूनही पडदा काळाच राहतो. नावापुढील अक्षरे बदलून ‘एव्हीआय’ केल्याने खलित्यावरचा शेरा तेवढा बदलतो, मजकूर नव्हे. मजकूर तसाच ठेवून खलिता बदलण्याची सोय आहे, आणि तिच्यात दर्जाची तसूभरही हानी नाही. परंतु प्रचलित पद्धतींनी चित्रण पुन्हा संक्षिप्त करणे म्हणजे नकलेवरून नक्कल उतरविणे होय, आणि त्यात गळालेला तपशील फाइल मागाहून कितीही मोठी केली तरी परत येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाचे मूळ मुद्रण म्हणूनच कधीही पुसू नये.

संपादनाच्या आज्ञावलीतील ‘सेव्ह’ या शब्दाने तर कित्येकांचे श्रम मातीमोल केले आहेत. सेव्ह केल्याने चित्रपट तयार होत नाही. कोणता तुकडा कोठून घ्यावा, कोठे कापावा, याची फर्द तेवढी नोंदली जाते, आणि तुकडे आपापल्या जागी, बहुधा कॅमेऱ्यातून उतरवलेल्या फोल्डरातच पडून असतात. फर्द जपली म्हणून ते फोल्डर निर्धास्तपणे पुसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी रिकाम्या चौकटी दिसतात. स्वतंत्रपणे पाहता येईल अशी फाइल ‘एक्स्पोर्ट’ केल्यावरच निपजते. आणि तीही पुढील संपादनाच्या दृष्टीने मूळ तुकड्यांची जागा घेऊ शकत नाही.