व्यावसायिक संकेतस्थळाचे नूतनीकरण केव्हा करावे? : उटनूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दुकानाची पाटी पुसट झाली तर मालकाला ती येता-जाता दिसते. संकेतस्थळाचे तसे नसते. एकदा ते तयार करून घेतले की मालक स्वतः ते क्वचितच उघडून पाहतो. त्याचा पत्ता, भाव आणि ग्राहक बदलतात, पण संकेतस्थळ मात्र जुनीच माहिती सांगत राहते. संकेतस्थळ जुने झाले आहे हे ओळखण्याच्या खुणा कोणत्या आणि कोणत्या वेळी किती बदल करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हा परिसर घेतला आहे. एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे कार्यालय येथे आहे. तेलुगू, गोंडी, मराठी व उर्दू या भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि गेल्या काही वर्षांत या भागात झालेले बदल विषय समजण्यास फार उपयोगी आहेत.

१) माहिती खोटी ठरणे

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे संकेतस्थळावरील माहिती वस्तुस्थितीशी न जुळणे. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. उटनूर आदिलाबादमध्येच राहिले, परंतु शेजारचे जैनूर आसिफाबाद जिल्ह्यात गेले. त्यामुळे २०१४ पूर्वी तयार केलेल्या संकेतस्थळावरील 'आंध्र प्रदेश' हा उल्लेख आज चुकीचा आहे, तर जैनूरच्या व्यापाऱ्याला राज्य आणि जिल्हा दोन्ही बदलावे लागतात.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. 'आदिलाबाद डोकरा' या धातुकलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर आज शेजारच्या जिल्ह्यात राहत असला तरी कलेचे नोंदणीकृत नाव तेच राहते. फक्त पत्ता बदलतो. नूतनीकरणाच्या उत्साहात नाव व पत्ता यांची गल्लत होऊ देऊ नये.

कराच्या बाबतीतही असेच आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्हॅटचा जुना टिन क्रमांक मागे पडला. नव्या पंधरा स्थानांच्या क्रमांकाच्या आरंभी राज्याचा संकेतांक असतो; तेलंगणाचा ३६ आणि महाराष्ट्राचा २७ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी ५ व १८ टक्के हे दोन मुख्य दर राहिले. करासहित किंमत दाखवणारे त्यापूर्वीचे दरपत्रक म्हणूनच पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

२) तंत्र कालबाह्य होणे

दुसरी खूण तांत्रिक आहे. २००० ते २०१० या दशकात फ्लॅशवर आधारित हलती चित्रे हे संकेतस्थळाचे भूषण मानले जाई. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला मिळणारे पाठबळ थांबले. अशा पानांवर आता कोरी चौकट दिसते. गुगलने एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात प्राधान्य देण्यास आरंभ केला. जुलै २०१८ पासून क्रोम न्याहाळक सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळापुढे 'सुरक्षित नाही' असे दाखवू लागला. किनवटचा एखादा ग्राहक मोहाच्या लाडवांची चौकशी करण्यासाठी पान उघडतो आणि त्याला हे शब्द दिसतात. तो पुढे जाईल काय? हा दोष दूर करण्यास लागणारे प्रमाणपत्र आज विनामूल्यही मिळते.

३) लिपी वाचता न येणे

मराठी व उर्दू संकेतस्थळांची ही खास अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकित केला जाई. तो फाँट नसेल तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसत. उर्दू मजकूर इनपेजमध्ये जुळवून त्याचे चित्र पानावर लावण्याची पद्धत होती. असा मजकूर माणसाला दिसतो, परंतु शोधयंत्राला तो मजकूर म्हणून सापडत नाही. ग्राहकाने आपल्या भाषेत वस्तूचे नाव लिहून शोध घेतला तरी ते दुकान त्याला सापडणार नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करणे हेच खरे नूतनीकरण होय, मग पानाचे रंगरूप जुनेच राहिले तरी चालेल.

४) ग्राहकाच्या वागण्यातील बदल

दूरध्वनीवरून ग्राहक तेच तेच प्रश्न विचारत असतील (दुकान कोणत्या वेळी उघडे असते, यूपीआयने पैसे चालतात का, माल पाठवता का), तर संकेतस्थळ आपले काम करत नाही असे समजावे. स्वतःच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्यांना २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या अटी व तक्रार निवारणाची माहिती देणे बंधनकारक आहे. ही माहिती नसेल तर बदल लांबणीवर टाकू नये.

किती बदल करावा?

प्रत्येक वेळी संपूर्ण संकेतस्थळ नव्याने बांधण्याची गरज नसते. पत्ता, भाव वा क्रमांक चुकला असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती करावी. लिपी किंवा सुरक्षिततेचा दोष असेल तर अंशतः नूतनीकरण पुरेसे आहे. पान मोबाइलवर वाचताच येत नसेल किंवा रचना फ्लॅशवर उभी असेल, तरच नवी बांधणी करावी. केवळ रंग जुने वाटतात म्हणून खर्च करणे योग्य नाही.

नवी बांधणी करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे कायमचे वळवून घ्यावेत, अन्यथा इतरांनी दिलेले दुवे तुटतात. तसेच संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी स्वतःच्या नावे आहे की करून देणाऱ्याच्या, हे पाहावे. नोंदणीची मुदत टळली तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि वर्षानुवर्षांची ओळख हातची जाते.

निष्कर्ष

इस्लामी व्यापारनीतीनुसार मालातील दोष ग्राहकापासून लपवणे निषिद्ध आहे. जुना भाव आणि चुकीचा पत्ता दाखवणारे संकेतस्थळ हेतू नसतानाही ग्राहकाची फसगत करते. म्हणून नूतनीकरण हा सजावटीचा नव्हे, तर सचोटीचा प्रश्न आहे. दर तीन महिन्यांनी मालकाने साध्या मोबाइलवर, अनोळखी ग्राहकाच्या दृष्टीने, आपले संकेतस्थळ पहिल्या ओळीपासून वाचावे. वाचताना जेथे 'हे आता असे नाही' असे म्हणावे लागेल, तेथूनच बदलास प्रारंभ करावा. वाणिज्य व संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील दुकानांसाठी अशी तपासणी प्रकल्प म्हणून हाती घेतल्यास शिक्षण व व्यवसाय या दोहोंचेही हित साधेल.