ज्वारीचे घड्याळ

आम्ही वर्गात मुलांना एक प्रश्न घालतो. तापीकाठी एकाने जुनी गावरान ज्वारी जूनमध्ये पेरली. दुसऱ्याची पेरणी पाऊस लांबल्यामुळे तीन आठवडे मागे पडली. तरीही दोघांची ज्वारी थोड्याच दिवसांच्या अंतराने निसवते, ती का? मुले खत, पाणी, जमीन अशी उत्तरे देतात. खरे उत्तर आकाशात आहे.

आपल्या बुऱ्हाणपुरात जूनचा दिवस १३ तासांहून मोठा, तर डिसेंबरचा ११ तासांहून लहान असतो. ज्वारी हा फरक ओळखते. पावसाळा सरता दिवस आखूड व रात्र मोठी होऊ लागली, की ती निसवते. सातूची रीत उलटी; त्याला मोठा दिवस लागतो. अमेरिकेत गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी वनस्पतींचा हा धर्म १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

यामुळे वाण एका हंगामाला व एका प्रदेशाला बांधला जातो. हे बंधन सैल करण्याचा एक उपाय म्हणजे क्ष-किरण. त्यांच्या माऱ्याने पिकात नवे आनुवंशिक बदल घडतात, हे स्टॅडलर यांनी १९२८ मध्ये दाखविले. मात्र किरण आंधळे असतात. बहुतेक बदल निरुपयोगी वा घातकच. हजारो रोपांतून एखादे कामाचे निवडावे लागते. स्वीडनमध्ये ‘बोनस’ नावाच्या सातूतून असेच एक रोप मिळाले व १९६० च्या सुमारास त्याचा ‘मारी’ हा वाण झाला. तो आठवडाभर आधी निसवतो आणि लहान दिवसांतही ओंब्या धरतो. त्याचे कारण २०१२ मध्ये उलगडले : रोपाच्या आतील घड्याळ चालविणारा एक जनुक निकामी झाला होता.

मग आपल्या ज्वारीचेही घड्याळ मोडावे काय? येथे सबुरी हवी. ज्वारी लवकर निघाली तर शेत हरभऱ्याला मोकळे होते, हा लाभ खरा. परंतु दाणा भरताना पाऊस सापडला, तर कणसाला बुरशी लागून दाणा काळा पडतो. जुनी ज्वारी पावसाला निरोप देऊनच दाणा भरते. तिचे घड्याळ हीच तिची छत्री होय.

आपल्या घरची जी मुले शेतकी शिक्षण घेतील, त्यांनी हे ध्यानी ठेवावे. बंधन सोडविण्यापूर्वी ते कशासाठी होते, हे घरच्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याला एकदा जरूर विचारावे.