कार्ब्युरेटरचे दोषनिदान

जुनी मोटरसायकल सुरू होईनाशी झाली, चालता चालता अडखळू लागली किंवा काळा धूर सोडू लागली, म्हणजे बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. एक स्क्रू थोडा आवळावा, दुसरा थोडा सैल करावा, जमले तर ठीक, अशी ही रीत असते. तिच्यात धोका असा की, मूळ दोष सापडण्यापूर्वीच त्यावर दुसऱ्या दोषाचे पांघरूण पडते आणि मग अनुभवी कारागिरालाही निदान करणे अवघड जाते. वस्तुतः कार्ब्युरेटर हे पदार्थविज्ञानाच्या अगदी साध्या नियमांनी चालणारे यंत्र आहे. ते नियम ध्यानात घेऊन क्रमाने तपास केला, तर दोषाचे स्थान यंत्र स्वतःच दाखवून देते.

भारतात एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. या यंत्रणेत बिघाड झाला तर बहुधा दिवा लागून सूचना मिळते. परंतु मद्रास येथील कारखान्यातून निघालेल्या जुन्या बुलेट किंवा १९६० च्या दशकातील म्हैसूरच्या जावा गाड्या आजही अनेकांकडे चालू स्थितीत आहेत. त्यांच्यात सूचना देणारा दिवा नाही. तेथे डोळे, कान आणि विचार यांवरच विसंबावे लागते.

रचना व तत्त्व

दट्ट्या सिलिंडरमध्ये खाली जाऊ लागला की, बाहेरील हवा कार्ब्युरेटरच्या नळीतून वेगाने आत शिरते. नळीच्या अरुंद भागात हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. डॅनिएल बेर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडलेल्या तत्त्वाचे हे उदाहरण होय. खालच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. या दाबांतील फरकामुळे पेट्रोल ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून वर चढते आणि हवेत मिसळते.

वाटीतील पेट्रोलची पातळी कायम राखण्याचे काम फ्लोट करतो. घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा जसा नळ बंद करतो, तसाच हा फ्लोट पातळी वाढताच पेट्रोलची झडप बंद करतो.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल याहून अधिक झाल्यास मिश्रण ‘गडद’ आणि कमी झाल्यास ‘विरळ’ झाले असे म्हणू. कार्ब्युरेटरचे बहुतेक दोष शेवटी या दोन शब्दांत सामावतात.

प्रथम इतर कारणे तपासावीत

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी तो खरोखरच दोषी आहे काय, हे पाहावे. स्पार्क प्लगची ठिणगी जोरदार आहे ना? हवेची गाळणी धुळीने बुजलेली नाही ना? नळ उघडल्यावर पेट्रोल अखंड धारेने येते ना? गाडी काही किलोमीटर नीट चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच गाडी पुन्हा सुरळीत चालू लागली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. टाकीत हवा न शिरल्याने पेट्रोल खाली उतरणे थांबते. असा दोष कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी जाणार नाही.

मुठीवरील खुणा

या जुन्या गाड्यांत वरखाली सरकणारी पट्टी हवेचा मार्ग कमीअधिक उघडते. ही पट्टी किती उघडली आहे यावर कार्ब्युरेटरचा कोणता भाग प्रामुख्याने काम करतो, हे ठरते. पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. तेथून चतुर्थांशापर्यंत पट्टीच्या कडेचा तिरकस काप. चतुर्थांशापासून पाऊण उघडीपर्यंत पट्टीला जोडलेली निमुळती सुई. आणि त्यापुढे मुख्य जेट, असा हा क्रम आहे. हे टप्पे थोडेफार एकमेकांत मिसळतात.

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर कागदी पट्टी चिकटवून या खुणा कराव्यात व गाडी चालवून पाहावी. मंद चाल ठीक असून अर्ध्या उघडीवर गाडी अडखळत असेल, तर मुख्य जेटशी झटापट करणे व्यर्थ आहे. लक्ष सुईकडे द्यावे.

गडद की विरळ?

दोषाचा टप्पा कळल्यावर त्याचा प्रकार ठरवावा. मिश्रण विरळ असल्यास एंजिन प्रमाणाबाहेर तापते, कार्ब्युरेटरकडे उलटे फटके देते आणि प्लगचे टोक पांढुरके दिसते. गडद असल्यास एंजिन जड चालते, काळा धूर येतो आणि प्लगवर कोरडी काजळी जमते. जुन्या पुस्तकांत प्लगच्या तपकिरी रंगावर फार भर आढळतो. परंतु भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळत असल्याने हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही.

म्हणून एक सोपा प्रयोग करावा. दोष दिसत असताना चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण विरळ; अधिक बिघडली तर बहुधा गडद. सखल प्रदेशात ठीक चालणारी गाडी लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी नेल्यास गडद मिश्रणाची लक्षणे दाखवते. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे सत्तर टक्केच असते. हा दोष यंत्राचा नसून परिस्थितीचा आहे.

नेहमीचे दोष व उपाय

वाटीतून पेट्रोल गळत असल्यास फ्लोटची झडप कचऱ्याने अडकली आहे काय किंवा फ्लोटला छिद्र पडले आहे काय, हे पाहावे. फ्लोट कानाशी हलवल्यास आत शिरलेल्या पेट्रोलचा आवाज ऐकू येतो. मंद चाल कारणाशिवाय वाढत असल्यास कार्ब्युरेटर व एंजिन यांच्या सांध्यातून हवा शिरत असावी. सांध्यावर साबणाचे पाणी लावताच एंजिनचा आवाज बदलला, तर शंका खरी समजावी.

बुजलेले जेट तारेने कदापि टोकरू नये. एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र केवळ ०.०५ मिलिमीटरने रुंदावले, तरी त्याचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून अधिक वाढते. जेट द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे. हे काम मोकळ्या हवेत, थंड एंजिनवर आणि आगीपासून दूर करावे.

अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालापर्यंत ते सुमारे वीस टक्क्यांवर आले. इथेनॉलला ज्वलनासाठी पेट्रोलहून कमी हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला वजनाच्या सुमारे साडेतेरा पट हवा पुरेशी होते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेले जुने जेट आता विरळ मिश्रण देतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला इजा पोचवते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास वाटी रिकामी करावी, आणि रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलला टिकणारे बसवावेत. जेट बदलण्याची गरज वर सांगितलेल्या प्रयोगाने ठरवावी, ऐकीव माहितीवरून नव्हे.

एका वेळी एकच बदल

दुरुस्ती करताना एक नियम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपावा आणि गाडी चालवून परिणाम पाहावा. सुई एक खाच वर केली व त्याच वेळी हवेचा स्क्रूही फिरवला, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही. हवेचा स्क्रू हलके आवळून पूर्ण बसवावा, त्याला किती फेरे लागले ते लिहून ठेवावे आणि मगच तो फिरवावा. म्हणजे चूक झाल्यास मूळ स्थितीवर परत येता येते. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ ज्या शिस्तीने काम करतो, तीच शिस्त येथेही उपयोगी पडते. हत्यारांच्या पेटीत पाने व स्क्रू-ड्रायव्हर यांच्याबरोबर एक वही व पेन्सिल अवश्य असावी.