उट्रेख्त: रस्ता काढून कालवा परत आणणारं शहर

नेदरलँड्सला जाऊन आलो म्हटल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "मग अ‍ॅमस्टरडॅमचा एपिसोड कधी?" तर सॉरी, आज अ‍ॅमस्टरडॅम नाही. आज तिथून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत असलेलं उट्रेख्त. प्रोजेक्टसाठी मी दोन महिने तिकडे होतो आणि एक अख्खा शनिवार या गावात नुसता भटकलो. घाई नाही, यादी नाही.

स्टेशनबाहेर आलात की आधी सायकल पार्किंग बघा. साडेबारा हजार सायकली मावतात, जगातलं सगळ्यात मोठं. मग चालत दहा-पंधरा मिनिटांत आउडेग्राख्त, म्हणजे 'जुना कालवा'.

इथे पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटतं, पण काय ते पटकन कळत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये रस्ता आणि पाणी जवळजवळ एका पातळीवर. इथे पाणी एक मजला खाली! पाण्याला लागून धक्का (आपला भाऊचा धक्का आठवा, फक्त अरुंद), आणि धक्क्यावर तळघरांचे दरवाजे. ही तळघरं रस्त्याखालून थेट वरच्या घरांपर्यंत जातात.

असं का? ११२२ च्या सुमारास ऱ्हाईनचा जुना फाटा वर बांध घालून बंद केला गेला. व्यापार तर बोटींवर चालायचा, म्हणून गावकऱ्यांनी दक्षिणेकडे नवा कालवा खणला. नदीचा जोर गेला, पाण्याची पातळी खाली आली आणि आटोक्यात राहू लागली. मग अगदी काठाशी धक्के बांधता आले. बोटीतून उतरवलेला माल सरळ तळघरात. आज त्याच तळघरांत कॅफे आहेत. वरचा रस्ता पोकळ जमिनीवर असल्यामुळे जड ट्रकना मनाई आहे, त्यामुळे हॉटेलांचा माल आजही बोटीने येतो. बोट आता इलेक्ट्रिक, एवढाच फरक.

धक्क्यावर कॉफी घेऊन बसलात की मान वर करून डोम टॉवर बघा, ११२ मीटर. याचं चर्च मात्र चौकाच्या पलीकडे, वेगळं उभं आहे. १६७४ च्या वादळात मधला भाग कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही.

शनिवारीच जा म्हणतो, त्याला कारण आहे. दुपारी एक वाजता कालव्याकाठच्या एका दगडात एक अक्षर कोरतात. आठवड्याला एकच! २०१२ पासून अशी एक कविता फरसबंदीत पुढे पुढे सरकतेय. आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर जगणारी माणसं. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो.

संध्याकाळी जुन्या गावाभोवतीच्या कालव्याच्या कडेने निघालो. पूर्ण वेढा साधारण सहा किलोमीटरचा. पण १९७० च्या दशकात स्टेशनजवळ यातला एक तुकडा बुजवून तिथे गाड्यांसाठी मोठा रस्ता केला होता. बाकावर एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "मी इथून गाडीने ऑफिसला जायचे. आणि हे काम इतकी वर्षं चाललं की वैताग आला होता." २००२ मध्ये नागरिकांनी मत देऊन ठरवलं की पाणी परत आणायचं. ते आलं सप्टेंबर २०२० मध्ये. आमच्या भाषेत रोलबॅक, फक्त त्याला अठरा वर्षं लागली.

तिथे बसल्यावर मला पुणं आठवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो. सहकारनगरकडे राहणाऱ्या माझ्या मित्राची बाईक त्या रात्री वाहून गेली. तो बचावला, पण त्या पुरात कित्येकांचे जीव गेले. आणि खरं सांगतो, त्या भागात मी शंभरदा गेलो असेन, पण तिथे ओढा आहे हे मला पुराच्या बातमीतून कळलं.

उट्रेख्तचा कालवा माणसांनी खणलेला, आंबिल ओढा निसर्गाचा, पाऊसही वेगळा. तुलना सरळ होत नाही, मान्य. पण त्या आजींना आपल्या गावात पाणी कुठून कुठे जातं हे माहीत होतं. मला माझ्या शहरातलं माहीत नव्हतं.

म्हणून या आठवड्याचा होमवर्क: मॅप उघडा, घराजवळचा ओढा किंवा नाला शोधा आणि रविवारी सकाळी त्याच्या काठाने तासभर चाला. कुठे दिसतो, कुठे स्लॅबखाली गायब होतो, बघा. काय सापडलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तोपर्यंत, ऐकत राहा!