पाण्याकडून दुष्काळाकडे जाणारा रस्ता

कराडच्या स्टँडवरून विट्याची एस.टी. पकडताना आपण ज्या रस्त्याला लागतो, तो गुहागर-विजापूर रस्ता. पूर्वी हा राज्यमार्ग होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झाला आहे. गुहागरच्या समुद्रापासून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण करीत तो कराडला येतो. पुढे कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, नागज, जत आणि मग कर्नाटकात विजापूर. कोयनेच्या मुसळधार पावसातून निघालेला हा रस्ता जतच्या कोरड्या माळावर पोचतो.

ही वाट फार जुनी आहे. कोकणातील बंदरांचा माल घाट चढून कराडला येई. कराडचे जुने नाव करहाटक. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपाला करहाटकच्या लोकांनी दान दिल्याचे तेथील शिलालेख सांगतात. कराडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात ६० हून अधिक बौद्ध लेणी आहेत. भिक्खू संघ वर्षावासाला अशा लेण्यांत राही. म्हणजे या वाटेने मालाबरोबर धम्मही चालला. हा वारसा आपला आहे.

पण याच मुलखात माणसाला पाणी नाकारले गेले. १९०१ साली प. पू. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे होते. वडील रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, थोरले बंधू व बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली. मसूर कराडच्या उत्तरेला, पुणे-मिरज लोहमार्गावर आहे. महाराची मुले म्हणताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर त्यांनी पाणी मागितले, ते मिळाले नाही. डबा भरलेला असून मुले उपाशी झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह वाचताना त्या रात्रीची तहान आठवावी.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. सातारा-सांगलीच्या माळावर खडी फोडण्याची कामे निघाली. आपल्या आया, मावश्या, आज्या पोर झोळीत टाकून उन्हात हातोडा मारत बसल्या. त्यांच्या फोडलेल्या खडीवरून आज मोटारी धावतात. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मात्र त्यांच्यापैकी एकीचेही नाव नाही. रस्त्याचा इतिहास लिहिणारे पुढारी आणि इंजिनिअर मोजतात, हातोडा मारणारी बाई मोजत नाहीत.

आज कराडजवळच्या टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेले जाते. चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या हाती काय? पाटाचे पाणी शेताला मिळते, भूमिहीनाला नाही. म्हणून आपल्या वस्तीच्या नळाचा, गायरानाचा आणि मजुरीचा प्रश्न ग्रामसभेत आपणच उभे राहून विचारला पाहिजे.

येत्या सुट्टीत मुलांना आगाशिवची लेणी दाखवा, परतताना मसूर स्टेशनात थोडा वेळ थांबा. आणि घरी म्हातारी आजी असेल, तर तिला विचारा, तू कोणत्या रस्त्यावर खडी फोडलीस? ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आपला इतिहास आपणच लिहायचा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!