सरहद्दी बदलल्या, वाटा आडवळणी झाल्या

धर्माबादहून सिकंदराबादकडे गाडी निघाली की थोड्याच वेळात बासर येते. सरस्वतीच्या दर्शनाला सीमेपलीकडे जाणाऱ्या नव्या पिढीला सांगावे लागते, की १९५६ पर्यंत बासर नांदेड जिल्ह्यातच होते. त्या वर्षी भाषावार राज्ये झाली आणि मुधोळ तालुका आंध्र प्रदेशाकडे गेला. त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यातला किनवटचा मुलूख नांदेडला मिळाला. माहूर, उनकेश्वर आणि सहस्रकुंड ही ठिकाणे अशी नांदेडची झाली. उदगीर आणि निलंगा बिदर जिल्ह्यातून मराठवाड्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात गेले. या भागातली अनेक सुंदर ठिकाणे आज आडवाटेची वाटतात, त्याला डोंगरदऱ्यांपेक्षा सरहद्दींची ही उलथापालथ अधिक जबाबदार आहे.

कंधारचेच पाहा. दहाव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात हे भरभराटीचे नगर होते. त्याच काळाचा वारसा सांगणारा जगत्तुंग सागर तलाव आजही गावाजवळ आहे. खंदकाने वेढलेल्या भुईकोट किल्ल्यात बहामनी, निजामशाही, मुघल आणि आसफजाही अशा राजवटींच्या खुणा एकावर एक चढल्या आहेत. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुटलेले अवयव कंधारात सापडले. ते पाहताना अखंड मूर्ती केवढी असेल, या विचाराने माणूस थक्क होतो.

या वारशाची आधुनिक नोंद सुरू झाली ती बाहेरून आलेल्या अभ्यासकांमुळे. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखात पाहणी केली आणि १८७८ मध्ये अहवाल छापला. औसा तालुक्यातील खरोशाच्या लेण्यांचे वर्णन त्यात आहे. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. पुढे डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या संशोधकांनी मराठवाड्याची मंदिरे गावोगाव हिंडून अभ्यासली. वेरूळ-अजिंठ्याच्या प्रकाशात झाकोळलेल्या शिल्पांना त्यामुळे अभ्यासात हक्काची जागा मिळाली.

देगलूरजवळचे होट्टल हे त्याचे बोलके उदाहरण. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची रांग उभी आहे. दागिन्यांची घडण, कमरेचा बाक आणि बोटांची ठेवण न्याहाळायला अर्धा दिवसही कमी पडावा. बराच काळ पडझडीत राहिलेल्या या मंदिराची पुरातत्त्व विभागाने दुरुस्ती केली. अलीकडे तिथे होट्टल महोत्सवही भरू लागला असून गाण्या-नाचाच्या निमित्ताने लोक मंदिरापर्यंत पोहोचत आहेत. मुखेडचे दशरथेश्वर मंदिरही याच परंपरेतले. त्याच्या वाट्याला मात्र इतकी वर्दळ आलेली नाही.

उदगीरचा इतिहास रणांगणाचा. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाचा पराभव केला. पानिपताला तेव्हा वर्षही उरले नव्हते. जवळच्या देवर्जनचे हत्तीबेट ही एक खडकाळ टेकडी आहे, पोटात कोरीव गुहा असलेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्या शेतकऱ्यांच्या किसान दलाने याच परिसरात ठाण मांडले होते. एकाच टेकडीवर लेणी आणि स्वातंत्र्यलढा दोन्ही भेटावेत, असे योग थोडेच.

निसर्गाची श्रीमंती उत्तरेला आहे. इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या खडकावरून असंख्य धारांनी कोसळते. एका तीरावर मराठवाडा, दुसऱ्या तीरावर विदर्भ. किनवट तालुक्यातच उनकेश्वरला गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. त्वचेचे विकार बरे होतील, या श्रद्धेने लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे येत आले.

धर्माबाद तालुक्याने या यादीत एक आधुनिक ठिकाण घातले, ते म्हणजे गोदावरीवरील बाभळी बंधारा. २.७४ टीएमसी क्षमतेच्या या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात. पाण्याचे राजकारण इतके डोळ्यांसमोर दाखवणारी जागा या भागात दुसरी नाही.

आडवाटेच्या ठिकाणांकडे गर्दी वळली की काय होते, याचा धडा दूरच्या पेरूत मिळतो. माचू पिक्चूच्या सावलीत राहिलेल्या क्वेलाप या अँडीज पर्वतातील तटबंदीच्या नगराला २०१७ मध्ये रोपवे मिळाला. प्रवास सोपा झाला; पण एप्रिल २०२२ मध्ये पावसाने तटाचा एक भाग ढासळला आणि ते ठिकाण बंद करावे लागले. कंधारच्या तटांनाही दर पावसाळा सोसावा लागतो. इथे पर्यटन वाढायलाच हवे, मात्र चुन्याच्या सांध्यांची दुरुस्ती, पाण्याचा निचरा आणि भिंतींत रुजणारी झाडे काढणे ही कामे आधी व्हायला हवीत. होट्टलच्या दुरुस्तीने हे जमते, हे दाखवून दिले आहे. आता कंधार आणि मुखेडचा क्रमांक लागला पाहिजे.